संगणकीय प्रात्यक्षिकाचा अहवाल, गणितातील

विद्यापीठीय गणिताच्या अभ्यासक्रमात संगणकाच्या साहाय्याने केलेल्या प्रात्यक्षिकाचे उद्दिष्ट, पद्धत, आज्ञावली, निष्पन्न आकडे आणि त्यांवरून काढलेले निष्कर्ष यांची सुसंगत व लेखी मांडणी म्हणजे संगणकीय प्रात्यक्षिकाचा अहवाल होय. समीकरणांची मुळे, समाकलांच्या किंमती, अवकल समीकरणांचे निर्वाह, आव्यूहांची गणिते, संख्यांचे गुणधर्म, यदृच्छ घटनांची अनुकृती इ. विषयांवर अशी प्रात्यक्षिके असतात. भौतिकी किंवा रसायनशास्त्र यांच्या प्रयोगशाळेतील नोंदवहीशी या अहवालाचे साम्य आहे. पण एक महत्त्वाचा फरकही आहे. भौतिकीच्या प्रयोगात निसर्ग हा साक्षीदार असतो. गणितातील प्रात्यक्षिकात संगणकाने दिलेला आकडा हा विद्यार्थ्याने स्वतःच लिहिलेल्या किंवा निवडलेल्या आज्ञांचा परिणाम असतो. त्यामुळे तो आकडा कसा मिळाला, तो किती अंकांपर्यंत विश्वसनीय आहे आणि त्यावरून काय सिद्ध होते व काय होत नाही, हे सांगितल्याखेरीज त्या आकड्यास उत्तराची योग्यता येत नाही. हे सांगणे हेच अहवालाचे मुख्य कार्य होय. [⟶ संगणक, संख्यात्मक विश्लेषण].

पूर्वपीठिका : गणितास प्रयोगशाळा असावी ही कल्पना इलेक्ट्रॉनीय संगणकाहून जुनी आहे. एडमंड टेलर व्हिटेकर (१८७३–१९५६) यांनी एडिंबरो विद्यापीठात १९१३ च्या सुमारास गणितीय प्रयोगशाळा सुरू केली. तेथे विद्यार्थी कोष्टके व हातयंत्रे यांच्या साहाय्याने आकडेमोड करीत. या अध्यापनातून व्हिटेकर व जी. रॉबिन्सन यांचा द कॅल्क्युलस ऑफ ऑब्झर्व्हेशन्स हा ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. केंब्रिज विद्यापीठात १९३७ मध्ये स्थापन झालेल्या गणितीय प्रयोगशाळेत पुढे एड्सॅक हा संगणक बांधण्यात आला व तो १९४९ मध्ये चालू झाला. हाताने केलेल्या आकडेमोडीत प्रत्येक पायरी कागदावर उरत असे व चूक मागाहून शोधता येई. संगणक आल्यावर मधल्या पायऱ्या दृष्टिआड झाल्या. जे पूर्वी कागदावर आपोआप उमटत असे ते आता हेतुपुरस्सर लिहून ठेवणे आवश्यक झाले.

अध्यापनात संगणकाचा प्रसार होण्यास सुलभ भाषांचे साहाय्य झाले. फोर्ट्रान ही भाषा १९५७ मध्ये आली. डार्टमथ महाविद्यालयातील जॉन केमेनी व टॉमस कुर्ट्‌झ यांनी १९६४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी बेसिक ही भाषा तयार केली. क्लीव्ह मोलर यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात न्यू मेक्सिको विद्यापीठातील विद्यार्थ्यांना आव्यूहांची गणिते सहज करता यावीत म्हणून मॅटलॅब ही प्रणाली रचली. पुढे मेपल, मॅथेमॅटिका (१९८८), सायलॅब, सेज (२००५) व पायथन (१९९१) यांचाही अध्यापनात वापर होऊ लागला. अमेरिकेत १९८६ च्या जानेवारीत ट्युलेन विद्यापीठात भरलेल्या परिषदेनंतर कलनशास्त्राच्या अध्यापनात सुधारणा करण्याची चळवळ सुरू झाली. ड्यूक विद्यापीठातील ‘प्रोजेक्ट कॅल्क’ यासारख्या उपक्रमांत संगणक-प्रयोगशाळा आणि विद्यार्थ्यांनी लिहावयाचे अहवाल यांना पाठ्यक्रमाचा भाग मानले गेले. केंब्रिज विद्यापीठाच्या ‘मॅथेमॅटिकल ट्रायपॉस’ या पदवी परीक्षेत ‘कॅटम’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकीय प्रकल्पांचे गुण लेखी प्रश्नपत्रिकेवर नव्हे, तर विद्यार्थ्याने सादर केलेल्या अहवालावर दिले जातात. आज्ञावलीची प्रत अहवालास जोडावी लागते आणि विद्यार्थ्यास तोंडी परीक्षेसाठीही बोलावले जाऊ शकते.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत विज्ञान शाखेच्या प्रात्यक्षिकांची नोंदवही ‘जर्नल’ या नावाने परिचित आहे. शिक्षकाने प्रमाणित केलेले जर्नल प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी दाखवावे लागते. गणिताच्या संगणकीय प्रात्यक्षिकांसाठी सायलॅब, पायथन यांसारख्या मुक्त प्रणाली वापरल्या जातात. मुंबई येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेच्या ‘फॉसी’ या प्रकल्पाने अशा प्रणालींचा शिक्षणातील प्रसार केला आहे. उद्दिष्ट, आज्ञावली आणि निष्पत्ती एवढ्या तीन मथळ्यांखाली मजकूर उतरवून जर्नल पूर्ण करण्याकडे पुष्कळदा कल असतो. पुढे दिलेल्या अंगांपैकी विश्वसनीयतेची चर्चा त्यात बहुधा राहून जाते.

अहवालाची अंगे : अहवालाचे स्थूलमानाने सहा भाग पडतात. (१) प्रश्नाचे विधान : प्रश्न स्वतःच्या शब्दांत, पण गणितीय दृष्ट्या काटेकोर मांडावा. ‘समीकरण सोडविणे’ एवढे पुरेसे नाही. कोणत्या अंतराळातील मूळ हवे आहे, ते किती अचूक हवे आहे व ते अस्तित्वात आहे हे कशावरून, हे सांगावे. (२) पद्धत : वापरलेले सूत्र आणि ते लागू पडण्याच्या अटी द्याव्यात. उदा., द्विभाजन पद्धतीत फलन संतत असावे लागते आणि अंतराळाच्या दोन टोकांशी त्याची चिन्हे भिन्न असावी लागतात. न्यूटन-रॅफसन पद्धतीत आरंभीची किंमत मुळाच्या पुरेशी जवळ असावी लागते. तसे नसल्यास पायऱ्या दुसऱ्याच मुळाकडे जातात किंवा कोठेच स्थिरावत नाहीत. (३) आज्ञावली : ती संपूर्ण, टिपांसह व बहुधा अहवालाच्या शेवटी जोडावी. मुख्य मजकुरात केवळ तिची रूपरेषा असावी. (४) निष्पत्ती : प्रश्नाच्या उत्तरास आवश्यक तेवढेच आकडे कोष्टकात किंवा आलेखात द्यावेत. संगणकाने छापलेली पानेच्या पाने जोडल्याने अहवाल भक्कम होत नाही. (५) चर्चा : आकडे अपेक्षेप्रमाणे आले का, नसल्यास का, आणि त्यांतील किती अंक विश्वसनीय आहेत, याचा विचार येथे येतो. (६) निष्कर्ष : आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एक-दोन वाक्यांत द्यावे. आरंभी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर निष्कर्षात अवतरू नये.

चुकांचे प्रकार : संगणकीय उत्तरातील चुका चार ठिकाणी उद्‌भवतात. मूळ प्रश्नाचे गणितीय प्रतिमान बनविताना काही गोष्टी सोडून दिल्या जातात. ही प्रतिमानाची चूक. अनंत प्रक्रियेऐवजी सांत प्रक्रिया केल्याने पद्धतीची चूक येते. संगणकात संख्या मर्यादित अंकांतच साठविता येत असल्याने पूर्णांकनाची चूक होते. चौथी चूक आज्ञावली लिहिणाऱ्याची. पहिल्या तिन्ही चुका अटळ आहेत. त्यांचे प्रमाण सांगणे हे विद्यार्थ्याचे काम असते. चौथी चूक टाळता येते, पण ती बहुधा पहिल्या तिन्हींच्या आड दडून बसते. या चुका वेगळ्या कशा करावयाच्या हे पुढील उदाहरणांवरून दिसून येईल.

य = ४ ÷ (१ + क्ष × क्ष) या फलनाचा क्ष = ० ते क्ष = १ या मर्यादांमधील समाकल पाय या संख्येएवढा, म्हणजे ३·१४१५९२६५… असतो. समलंब नियमाने अंतराळाचे १० समान भाग केल्यास ३·१३९९३, २० भाग केल्यास ३·१४११८ व ४० भाग केल्यास ३·१४१४९ या किंमती मिळतात. त्यांतील चुका अनुक्रमे ०·००१६७, ०·०००४२ व ०·०००१० आहेत. भागांची संख्या दुप्पट झाली की चूक एक-चतुर्थांश होते. हेच प्रमाण सिद्धांतावरून अपेक्षित असते. म्हणून या तीन ओळी पद्धत व आज्ञावली या दोहोंच्या बाजूने साक्ष देतात. दोन टोकांच्या किंमती अर्ध्या करावयास आज्ञावलीत विसर पडला, तर भाग दुप्पट केल्यावर चूक चतुर्थांश न होता केवळ निम्मी होते. अशा वेळीही भाग पुष्कळ वाढविल्यास उत्तर पायच्या जवळ येतेच. त्यामुळे केवळ शेवटचा आकडा पाहणाऱ्याच्या ही चूक लक्षात येत नाही; प्रमाण पाहणाऱ्याच्या येते.

मात्र प्रमाण बिघडले म्हणजे आज्ञावली चुकली असे प्रत्येक वेळी म्हणता येत नाही. क्षच्या वर्गमुळाचा ० ते १ या मर्यादांमधील समाकल समलंब नियमाने काढल्यास भाग दुप्पट केल्यावर चूक चार पटींनी नव्हे, तर सुमारे २·८ पटींनी कमी होते. याचे कारण क्ष = ० येथे या फलनाचा अवकलज अनंत होतो व सिद्धांताची अट तेथे पाळली जात नाही. विद्यार्थ्याने हे कारण ओळखून लिहिले, तर अपेक्षेहून वेगळा आलेला हा आकडाच अहवालातील सर्वांत मोलाचा भाग ठरतो.

पूर्णांकनाची चूक अधिक फसवी असते. क्ष = १ रेडियन येथे ज्या या फलनाचा अवकलज ०·५४०३०२३… आहे. तो काढण्यासाठी क्षमध्ये अल्प वाढ करून, फलनातील वाढीस त्या वाढीने भागतात. वाढ ०·१ घेतल्यास ०·४९७३६, ०·०१ घेतल्यास ०·५३६०९ व ०·०००१ घेतल्यास ०·५४०२६ अशा किंमती येतात. यावरून वाढ जितकी लहान तितके उत्तर अचूक असे वाटू लागते. नेहमीच्या १५-१६ सार्थ अंकांच्या गणितात वाढ दहा कोटींश घेईपर्यंत हे बहुतांशी खरेही असते. त्यापुढे मात्र उत्तर बिघडू लागते आणि एकावर १६ शून्ये असलेल्या संख्येचा एक अंश एवढी वाढ घेतल्यास संगणक अवकलज ० असल्याचे सांगतो. कारण एवढी लहान वाढ १ मध्ये मिळविल्यावर संगणकाच्या लेखी ती संख्या १ च राहते. त्याआधीच्या टप्प्यात जवळजवळ समान अशा दोन संख्यांची वजाबाकी झाल्याने त्यांचे बहुतेक सार्थ अंक नाहीसे होतात. या प्रात्यक्षिकाच्या अहवालात उत्तम वाढ कोणती, यापेक्षा पद्धतीची चूक व पूर्णांकनाची चूक परस्परविरुद्ध दिशांनी कशा बदलतात हे सांगणे महत्त्वाचे असते. संगणकातील अशा अपूर्णांकांच्या गणिताचे प्रमाणीकरण १९८५ मध्ये झाले व त्यात विल्यम काहान यांचा प्रमुख वाटा होता.

सार्थ अंकांचा विवेक यावरून ओघानेच येतो. वरील समाकलाच्या उदाहरणात १० भाग घेतल्यावर संगणक ३·१३९९२५९८८९ असे दहा दशांश स्थळे असलेले उत्तर छापतो. पण त्यातील दुसऱ्या दशांश स्थळापासूनच अंक पायशी जुळत नाहीत. ते सर्व अंक अहवालात उतरविणे म्हणजे नसलेल्या अचूकतेचा दावा करणे होय. यदृच्छ बिंदू टाकून पायची किंमत काढण्याच्या परिचित प्रात्यक्षिकात १०,००० बिंदूंनंतरही उत्तराची प्रमाण त्रुटी सुमारे ०·०१६ असते. अशा वेळी ३·१४ असे उत्तर आले, तर दुसऱ्या दशांश स्थळाचा अंक बरोबर आला हा योगायोग समजावा. अचूकता दहा पट वाढविण्यासाठी बिंदूंची संख्या शंभर पट करावी लागते, हेही अहवालात नमूद करावे.

निरीक्षण आणि सिद्धता : गणितातील अहवालात निरीक्षण व सिद्धता यांची सरमिसळ होऊ न देणे अत्यावश्यक असते. याचे एक बोधक उदाहरण नाशिकजवळील देवळाली येथील शिक्षक व गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांच्या कार्यात आढळते. सर्व अंक समान नसलेली चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडावेत आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. हीच क्रिया पुनःपुन्हा केल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते. उदा., ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७, ८७३० − ०३७८ = ८३५२ व ८५३२ − २३५८ = ६१७४. अशा संख्या सांत असल्याने संगणकाने त्या सर्व तपासल्या तर ती तपासणी हीच सिद्धता ठरते. मात्र त्यासाठी आज्ञावलीत कोणता संकेत पाळला ते सांगावे लागते. २१११ ही संख्या घेतल्यास २१११ − १११२ = ९९९ येते. ही संख्या ०९९९ अशी चार अंकी मानल्यास पुढे ८९९१, ८०८२, ८५३२ व ६१७४ अशा पायऱ्या मिळतात. आरंभीचे शून्य गाळल्यास ९९९ मधून ९९९ वजा होऊन ० उरते व विधान खोटे ठरते. या एका शून्याचा उल्लेख नसलेला अहवाल वाचकास पडताळून पाहता येणार नाही.

संख्या अनंत असतील तेव्हा कितीही पडताळे घेतले तरी सिद्धता होत नाही. जॉर्ज पोल्या (१८८७–१९८५) यांनी १९१९ मध्ये अविभाज्य अवयवांच्या संख्येविषयी एक अटकळ मांडली होती. तीनुसार २ पासून पुढे कोणतीही मर्यादा घेतली, तरी तेथपर्यंतच्या संख्यांपैकी ज्यांच्या अविभाज्य अवयवांची संख्या (पुनरावृत्ती धरून) विषम आहे अशा संख्या निम्म्याहून कमी नसतात. ब्रायन हॅझलग्रोव्ह यांनी १९५८ मध्ये ही अटकळ असत्य असल्याचे दाखविले. ती ज्या मर्यादेशी प्रथम खोटी ठरते ती संख्या ९०,६१,५०,२५७ ही होय, हे १९८० मध्ये निश्चित झाले. म्हणजे नव्वद कोटींपर्यंत तपास करणाऱ्या विद्यार्थ्यासही एकही अपवाद आढळला नसता. अशा प्रात्यक्षिकाच्या निष्कर्षात ‘अमुक मर्यादेपर्यंत अपवाद आढळला नाही’ एवढेच लिहिणे युक्त ठरते. ‘यावरून सिद्ध होते’ हे शब्द तेथे वर्ज्य समजावेत.

याउलट संगणकाचा आधार घेतलेली सिद्धताही मान्य होऊ शकते. केनेथ अपेल व वोल्फगांग हाकेन यांनी १९७६ मध्ये चार रंगांचे प्रमेय संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केले. तीत हजाराहून अधिक आकृतिबंधांची तपासणी हाताने पडताळण्याजोगी नसल्याने अशा सिद्धतेस सिद्धता म्हणावे का, याविषयी दीर्घ काळ चर्चा झाली. २००५ मध्ये जॉर्ज गाँतिये यांनी सिद्धता तपासणाऱ्या आज्ञावलीने या प्रमेयाची पूर्ण पडताळणी केली. प्रत्येक पायरी दुसऱ्यास तपासता येईल अशा रीतीने नोंदविणे, ही या चर्चेतून दृढ झालेली अपेक्षा विद्यार्थ्याच्या अहवालासही लागू पडते.

पुनरावर्तन : दुसऱ्या व्यक्तीने अहवाल वाचून तेच प्रात्यक्षिक केल्यास तेच आकडे मिळाले पाहिजेत. यासाठी आरंभीच्या किंमती, थांबण्याची अट, भागांची संख्या, प्रणालीचे नाव व तिची आवृत्ती यांची नोंद करावी. यदृच्छ संख्या वापरल्यास त्यांची मालिका ज्या बीजसंख्येपासून सुरू झाली तीही द्यावी. आरंभीच्या किंमती किती अंकांपर्यंत नोंदवाव्यात याचे उत्तर एडवर्ड लोरेन्झ (१९१७–२००८) यांच्या अनुभवावरून मिळते. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६१ मध्ये हवामानाच्या एका प्रतिमानाची गणिते करताना त्यांनी आधीच्या छापील कागदावरून मधल्या टप्प्याचे आकडे पुन्हा संगणकास दिले. संगणकाच्या स्मृतीत ०·५०६१२७ ही किंमत होती. कागदावर मात्र ती ०·५०६ अशी तीन दशांश स्थळांपर्यंतच छापली होती. एवढ्या फरकाने पुढील निर्वाह मूळ निर्वाहापासून पूर्णपणे दुरावला. लोरेन्झ यांनी ही विसंगती यंत्रातील बिघाड म्हणून सोडून दिली नाही. तिच्या अभ्यासातून १९६३ चा त्यांचा प्रसिद्ध निबंध निर्माण झाला व पुढे गोंधळ-सिद्धांत या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शाखेस चालना मिळाली. मोजलेली किंमत आणि छापलेली किंमत या एकच नसतात, हा या घटनेचा व्यावहारिक बोध होय.

मजकूर, आज्ञावली व निष्पत्ती ही एकत्र गुंफण्याची कल्पना डोनल्ड कनूथ यांनी १९८४ मध्ये मांडली. ज्युपिटर (२०१४) यासारख्या वहीसदृश प्रणालींत गणिताचा मजकूर, आज्ञा व आकडे एकाच पानावर येतात. या सोयीबरोबर एक धोकाही येतो. वहीतील आज्ञा वरपासून खालपर्यंत क्रमाने न चालविता मधूनच बदलून चालविल्या, तर पानावर दिसणारे आकडे त्या पानावरील आज्ञांचे राहत नाहीत. म्हणून सादर करण्यापूर्वी सर्व वही नव्याने आरंभापासून चालवून पाहावी.

कोष्टके व आलेख : प्रत्येक कोष्टकास क्रमांक, मथळा व स्तंभांची नावे असावीत आणि मजकुरात त्याचा उल्लेख यावा. आलेखावर दोन्ही अक्षांची नावे, एकके व मापप्रमाण दाखवावे. भागांची संख्या व चूक यांचा आलेख दोन्ही अक्षांवर लॉगरिथमी मापप्रमाण घेऊन काढल्यास बिंदू सरळ रेषेवर येतात आणि त्या रेषेच्या चढावरून पद्धतीची कोटी वाचता येते. साध्या मापप्रमाणावर हीच माहिती अक्षालगत चिकटून अदृश्य होते. संगणकाने काढलेला आलेखही जसाच्या तसा स्वीकारू नये. स्पर्शज्या या फलनाचा आलेख काढताना पुष्कळ प्रणाली काटकोनाच्या दोन बाजूंचे बिंदू उभ्या रेषेने जोडतात. ती रेषा फलनाचा भाग नसून बिंदू जोडण्याच्या रीतीतून आलेली असते. दोन अक्षांवरील मापप्रमाण भिन्न असल्यास वर्तुळ लंबवर्तुळासारखे दिसते. अशा गोष्टींचा खुलासा आलेखाखाली द्यावा.

उत्तराची पडताळणी : आज्ञावली चालली म्हणजे ती बरोबर आहे, असे ठरत नाही. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशा सोप्या प्रश्नावर ती प्रथम तपासावी. त्यानंतर शक्य असल्यास तोच प्रश्न दुसऱ्या पद्धतीने किंवा दुसऱ्या यंत्रावर सोडवून उत्तरे ताडून पाहावीत. व्हर्जिनियातील लिंचबर्ग महाविद्यालयाचे प्राध्यापक टॉमस नाइसली हे जुळ्या अविभाज्य संख्यांच्या व्यस्तांची बेरीज काढीत होते. अशीच ताडणी करीत असताना त्यांना १९९४ मध्ये न जुळणारे आकडे मिळाले. आपली आज्ञावली, यंत्राची जुळणी इ. शक्यता एकेक करून वगळल्यावर हा दोष पेंटियम या प्रक्रियकाच्या भागाकारातच असल्याचे त्यांनी दाखवून दिले. इंटेल या कंपनीस सदोष प्रक्रियक बदलून देण्यासाठी ४७·५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. कोणत्याही व्यावहारिक उपयोगासाठी न केलेल्या शुद्ध गणिताच्या या आकडेमोडीने, केवळ पडताळणीच्या शिस्तीमुळे, हा दोष उघड झाला.

दुर्लक्षाचे परिणाम : प्रात्यक्षिकांत शिकविल्या जाणाऱ्या या सावधगिरीचा अभाव प्रत्यक्ष व्यवहारात घातक ठरल्याची उदाहरणे आहेत. आखाती युद्धात २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील दहरान येथे अमेरिकी सैनिकांच्या निवासस्थानावर स्कड क्षेपणास्त्र पडून २८ सैनिक मृत्युमुखी पडले. त्याला अडविण्यासाठी असलेल्या पेट्रियट यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दशांशात काळ मोजीत असे. एक-दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत अनंत आवर्ती होते व ती २४ अंकांत छाटल्याने प्रत्येक दशांशामागे सुमारे ०·०००००००९५ एवढी चूक राहत होती. यंत्रणा सुमारे १०० तास अखंड चालू होती. म्हणजे ३६ लक्ष दशांश मोजले गेले होते आणि साचलेली चूक ०·३४ सेकंद झाली होती. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. त्यामुळे यंत्रणेने आकाशातील भलत्याच भागात लक्ष्याचा शोध घेतला. त्याच वर्षी २३ ऑगस्ट रोजी नॉर्वेतील स्टाव्हांगरजवळ स्लाइप्नर-ए या खनिज तेलाच्या फलाटाचा काँक्रीटचा पाया चाचणीच्या वेळी बुडाला. त्याच्या भिंतींचे गणित सांत घटक पद्धतीने करताना घटकांची विभागणी पुरेशी सूक्ष्म नसल्याने कर्तन प्रतिबल सुमारे ४७ टक्क्यांनी कमी धरले गेले होते. पहिल्या घटनेत पूर्णांकनाची व दुसरीत पद्धतीची चूक कारणीभूत होती. दोन्ही ठिकाणी संगणकाने आपल्याला दिलेले काम बिनचूक केले होते; त्याने दिलेला आकडा किती विश्वसनीय आहे, या प्रश्नाची दखल वेळीच घेतली गेली नव्हती.

भाषा : अहवाल पूर्ण वाक्यांत लिहावा. सूत्रे ही वाक्याचाच भाग असतात, म्हणून त्यांच्या आधी व नंतर ती कशासाठी आली हे सांगणारे शब्द असावेत. प्रत्येक चिन्हाचा अर्थ ते प्रथम येते तेथे द्यावा. वाचक हा त्याच वर्गातील, पण हे प्रात्यक्षिक न केलेला विद्यार्थी आहे असे समजून लिहिल्यास तपशील किती द्यावा हे ठरविणे सोपे जाते. ‘उत्तर चांगले आले’, ‘चूक फार कमी आहे’ यांसारख्या मोघम विधानांऐवजी आकडा द्यावा. आज्ञावलीतील प्रत्येक ओळीचे मजकुरात भाषांतर करणे हाही दोषच आहे. ओळ काय करते ते आज्ञावलीत दिसते, ती का लिहिली हे अहवालाने सांगावयाचे असते.

सहकार्य व प्रामाणिकपणा : प्रात्यक्षिके पुष्कळदा दोघादोघांनी केली जातात व विचारविनिमयास मुभा असते. तथापि अहवाल प्रत्येकाने स्वतः लिहावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. दुसऱ्याची आज्ञावली, पुस्तकातील उतारा, आयती प्रणाली किंवा मजकूर व आज्ञावली तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने यांचे साहाय्य घेतल्यास ते कोठे व किती घेतले हे स्पष्ट नमूद करावे. त्यास कितपत परवानगी आहे हे त्या त्या अभ्यासक्रमाच्या नियमांवर अवलंबून असते. आधीच्या वर्षाच्या जर्नलवरून उतरविलेले आकडे ओळखणे कठीण नसते. यदृच्छ संख्यांच्या प्रात्यक्षिकात दोन विद्यार्थ्यांनी भिन्न बीजसंख्या दिल्या असूनही सर्व आकडे शेवटच्या स्थळापर्यंत जुळले, तर ते स्वतंत्रपणे मिळालेले नाहीत हे उघड होते. अपेक्षेशी न जुळणारा आकडा गाळणे किंवा बदलणे हा अधिक गंभीर दोष होय. लोरेन्झ किंवा नाइसली यांनी तसे केले असते, तर त्यांचे शोध लागलेच नसते.

मूल्यमापन : गुण देताना सामान्यतः गणिताची अचूकता, आज्ञावलीची योग्यता, चर्चेची खोली व मांडणीची स्पष्टता या गोष्टी पाहिल्या जातात. उत्तर बरोबर असून ते बरोबर का आहे याचे विवेचन नसेल, तर अहवाल अपुरा ठरतो. उत्तर चुकले असूनही ते चुकले आहे हे विद्यार्थ्याने ओळखले असेल, चुकीचे संभाव्य कारण व ती शोधण्याचे केलेले प्रयत्न नोंदविले असतील, तर त्या अहवालास चांगले श्रेय देणे युक्त ठरते. संगणकाची गती व प्रणालींची सुलभता जसजशी वाढते तसतसा आकडा मिळविण्यास लागणारा श्रम कमी होतो. त्या आकड्यावर विश्वास ठेवावा की नाही हे ठरविण्याचा श्रम मात्र कमी होत नाही. तो श्रम कोणी, कसा आणि कोठवर केला याची नोंद अहवालातच राहते.